खाडा झाला तर

आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा मी गेली अकरा वर्षं उपाध्यक्ष आहे. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर सगळ्यात वर ठळक टायपात अध्यक्षांचं नाव असतं. त्याखाली जरा बारीक टायपात माझं. मग सरचिटणीस, खजिनदार, हिशेबतपासनीस आणि सल्लागार अशी उतरती भाजणी. सरचिटणीस परवानग्यांसाठी पोलीस स्टेशन ते वॉर्ड ऑफिस चपला झिजवतो. खजिनदार रात्री बारा वाजता सुटे पैसे मोजत बसतो. हिशेबतपासनीस वर्षातून एकदा भांडतो. सल्लागार सल्ला देतात. तो कोणी ऐकत नाही, पण ते देतात. उपाध्यक्षाने काय करायचं हे मात्र मंडळाच्या घटनेत एकाच ओळीत उरकलंय : अध्यक्षांच्या गैरहजेरीत त्यांचं काम पाहावं. आणि आमचे अध्यक्ष कधी गैरहजर राहत नाहीत. अकरा वर्षांत त्यांना गणपतीत साधी सर्दी झाली नाही. एकदा टायफॉईड झाला, तोही जानेवारीत.

एकदाच, त्यांची कोकणातून येणारी गाडी रखडली म्हणून मुलांच्या वेशभूषा स्पर्धेला मी त्यांच्या खुर्चीत बसलो. शिवाजी महाराज झालेला दुसरीतला एक मुलगा मुजरा करायला पुढे आला. त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मागे वळून आईला विचारलं, "अध्यक्षकाका कुठायत?"

तेव्हापासून या देशात जिथे जिथे 'उप' लागलेला माणूस दिसतो तिथे माझी नजर थांबते. त्यात सगळ्यात मोठा 'उप' दिल्लीत बसतो.

२०२५ सालच्या अनंत चतुर्दशीला आमची मूर्ती घेऊन आम्ही गिरगाव चौपाटीवर पोचलो. त्या वर्षीचं विसर्जन लालबागकर विसरणार नाहीत. भरती आडवी आली आणि लालबागचा राजा तासन्‌तास पाण्यात ताटकळला. निरोप दिला गेला तो दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री, आणि वर त्याच रात्री चंद्रग्रहण. आमची घरगुती उंचीची मूर्ती केव्हाच मार्गी लागली होती, तरी गर्दीतून परतायचं जमेना म्हणून मी वाळूत बसून राहिलो. चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून बसलं की उजव्या हाताला मलबार टेकडी दिसते. तिच्या टोकाला झाडीत राजभवन. तिथे राहणारे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन तेव्हा उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. जुलैत जगदीप धनखड यांनी प्रकृतीचं कारण देऊन अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी राजीनामा दिला होता आणि मतदान होतं ९ सप्टेंबरला. म्हणजे आम्ही बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगत होतो, आणि समोरच्या टेकडीवरच्या गृहस्थांचीही बांधाबांध चालू असणार. ४५२ विरुद्ध ३०० मतांनी ते निवडून आले. मलबार टेकडीवरून थेट त्या पदावर जाणारे ते काही पहिले नव्हेत. १९८७ साली शंकर दयाळ शर्माही याच राजभवनातून निघून उपराष्ट्रपती झाले होते. राज्यपालांना महिना साडेतीन लाख रुपये पगार, उपराष्ट्रपतींना चार लाख. बढती धरली तर पन्नास हजारांची.

या मतदानात फक्त खासदार मत देतात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीला आपले आमदार विधानभवनात रांग लावतात, उपराष्ट्रपतींच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही. मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे घालायचे असतात, एक, दोन, तीन. २०२२ साली या आकडेमोडीत १५ खासदारांची मतं बाद झाली. २०२५ साली पुन्हा बरोबर १५. आमच्याकडे हात वर करून निवड होते, त्यात आजवर एकही हात बाद झालेला नाही. १९९२ साली तर के. आर. नारायणन यांना ७०० मतं पडली आणि त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या काका जोगिंदरसिंग 'धरतीपकड' यांना १. ते एक मत देणारा खासदार कोण असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मला तो आवडतो.

आता पगाराची आणखी एक गंमत. वर चार लाख म्हटलं, पण उपराष्ट्रपती म्हणून त्या माणसाला एक पैसासुद्धा मिळत नाही. पगार मिळतो तो राज्यसभेचा सभापती म्हणून. घटनेच्या ६४व्या कलमाने उपराष्ट्रपती हा राज्यसभेचा पदसिद्ध सभापती, आणि रोजचं काम म्हणाल तर तेवढंच. सभापती असून तो सभागृहाचा सदस्य नाही. मत द्यायचं तर दोन्ही बाजूंची मतं समसमान पडली तरच. घटना समितीत हे पद चर्चेला आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की नाव उपराष्ट्रपती असलं तरी खरं पाहता हा वरिष्ठ सभागृहाचा सभापतीच आहे, आणि प्रसंग पडला तर राष्ट्रपतींचं काम पाहणारा. परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं संसार केलेला आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून राहिलेला माणूस असंच रोखठोक बोलणार. चाळीत राहिलेल्याला पद आणि काम यांतला फरक शिकवावा लागत नाही. पुढे १९५२ पासून अखेरपर्यंत बाबासाहेब त्याच राज्यसभेत सदस्य म्हणून बसले. सभापतींच्या खुर्चीत होते पहिले उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन.

प्रसंग पडला तर, हे ६५व्या कलमात आहे. राष्ट्रपतींचं निधन, राजीनामा, पदच्युती, आजारपण किंवा अन्य कारणाने गैरहजेरी. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडील आठवले.

वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. ज्यांनी गिरणगाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : बदली म्हणजे कायम नसलेला. तो रोज पाळीच्या आधी गेटावर जाऊन उभा राहायचा. हातात कार्ड, खांद्यावर टॉवेल, काखेत डबा. भोंगा झाला, कायम कामगार आत गेले, की मुकादम बाहेर येऊन नजर फिरवायचा. आत कोणाचा खाडा झाला असेल तर बदलीला पाळी मिळायची. नाही झाला तर डबा घेऊन घरी. आईला जिन्यातल्या पावलांवरूनच कळायचं, डबा भरलेला परत आला की काय. शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत कायमवाले गावी पळायचे, तेव्हा बदलीवाल्यांची चंगळ. आम्ही गणपतीत कधी गावी गेलो नाही, त्याचं कारण भक्ती नव्हतं.

फेब्रुवारी १९७७. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले. मी तेव्हा शाळेत होतो आणि वडिलांना पेपर वाचून दाखवणं हे माझं रोजचं काम होतं. उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती आता राष्ट्रपतींचं काम पाहणार, असं मी वाचलं. वडील दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "म्हणजे बदली."

मग थोड्या वेळाने, तोंड धुऊन झाल्यावर : "कायम करतील का रे त्याला?"

जत्ती मूळ विजापूरकडच्या सावळगीचे, घरची भाषा कानडी. पण वकिली शिकले कोल्हापुरात, जमखंडीच्या पटवर्धनांच्या संस्थानात आधी मंत्री आणि मग मुख्यमंत्री झाले, संस्थान विलीन झाल्यावर मुंबईच्या विधानसभेत आले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात जत्ती आरोग्य आणि कामगार खात्याचे उपमंत्री. इथेही उपच. आणि २४ मार्च १९७७ रोजी मोरारजींना देशाच्या पंतप्रधानपदाची शपथ दिली ती याच जत्तींनी. एकेकाळचा उपमंत्री समोर उभा राहून आपल्या जुन्या मुख्यमंत्र्याला शपथेची वाक्यं सांगतोय, हे चित्र मला फार सुखावतं. शब्द जत्तींचे, मागून म्हणायचे मोरारजींनी. आमच्या मंडळात असा दिवस येणं नाही.

पुढच्या महिन्यात नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचा कागद सहीसाठी आला. जत्तींनी तो लगेच सही करून परत पाठवला नाही, जरा थांबले. दिल्लीत गडबड उडाली. मग सही केली. एवढ्यावरून त्या काळी त्यांच्यावर टीका झाली. मला विचाराल तर बदलीवर आलेल्या माणसानेच साचा नीट तपासून घ्यायचा असतो; बिघाड आधीचा असला तरी कापड खराब निघाल्यावर नाव त्याचंच येतं. जुलैत नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले आणि जत्ती पुन्हा राज्यसभेत जाऊन बसले, १९७९पर्यंत. ती बातमी वाचून दाखवली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "नाही ना केलं कायम?"

पण निदान त्या पाच महिन्यांचा हिशेब चोख होता. उपराष्ट्रपती जेव्हा राष्ट्रपतींचं काम पाहतो तेव्हा त्याचा सभापतिपदाचा पगार बंद होतो आणि राष्ट्रपतींचा पगार सुरू होतो. बदलीला त्या पाळीचा पूर्ण पगार. हा नियम ज्यांनी लिहिला ते गिरणीच्या गेटावर कधी उभे राहिले नसतील, तरी न्याय त्यांना कळत होता.

याआधी, १९६९ साली, तर बदलीचाच खाडा झाला होता. मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले, आणि जुलैत त्यांनी दोन्ही सोडलं, कारण त्यांना स्वतःच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. आता कोण? त्याच वर्षी केलेल्या कायद्याने पाळी गेली सरन्यायाधीशांकडे. ते होते महंमद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपुरातच वकिली केलेले, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. जेमतेम पाच आठवडे ते राष्ट्रपतिभवनात होते आणि नेमके त्याच दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत येऊन गेले. मोठा पाहुणा बदलीच्या पाळीतच येतो, हे कोणताही दुकानदार सांगेल. गिरी कायम झाले. हिदायतुल्ला दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. आधी राष्ट्रपतींचं काम आणि मग उपराष्ट्रपतिपद, असा उलटा जिना उतरलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

मराठी माणूस या पदावर आजवर बसलेला नाही. एकदा जवळ गेला होता. २००२ साली कृष्णकांत यांचं पदावर असतानाच निधन झालं आणि निवडणुकीत भैरोसिंग शेखावत यांच्यासमोर उभे राहिले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. कोर्टात पट्टेवाला म्हणून आयुष्य सुरू केलेले, मग मुंबईत पोलीस उपनिरीक्षक झालेले. उपची सवय असलेला उमेदवार. ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरले आणि पुढच्या जानेवारीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. हरण्याचा इतका फायदा आपल्याकडे फार थोड्यांना झाला असेल. पुढे २००७ साली हेच शेखावत राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि त्यांना हरवलं आपल्या प्रतिभाताई पाटलांनी. प्रतिभाताईंच्या यजमानांचं आडनावही शेखावत. त्या दिवशी चाळीत कोणीतरी म्हणालं होतं, घरचा माणूस हरला आणि घरचंच माणूस जिंकलं.

खरं म्हणजे महाराष्ट्राला 'उप'चं वावडं नाही. यशवंतराव चव्हाण १९७९ साली उपपंतप्रधान झाले, चरणसिंगांच्या त्या सरकारात, ज्याने संसदेला एकदाही तोंड दिलं नाही. उपमुख्यमंत्री हा शब्द घटनेत कुठेही नाही, पण १९७८ साली नाशिकराव तिरपुड्यांपासून आपण तो असा काही रुजवलाय की आता एका मुख्यमंत्र्यामागे दोन-दोन असतात आणि मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांची खुर्च्यांची अदलाबदलही आपण पाहिली. उपराष्ट्रपतीचं नेमकं उलटं : घटनेत अख्खी कलमं, हातात खातं एकही नाही.

भाषेच्या बाबतीत मराठीने एक शहाणपण केलंय. विद्यापीठाचं सगळं काम जो करतो त्याला इंग्रजीत 'व्हाइस चॅन्सेलर' म्हणतात. आपण त्याला कुलगुरू म्हणतो. 'व्हाइस' गुपचूप गाळून टाकला. वर कुलपती असतात ते राज्यपाल, पण कुलगुरूला पत्र लिहिताना कोणाला वाटत नाही की आपण दुसऱ्या नंबरच्या माणसाला लिहितोय. गिरगावात आंग्रेवाडीत राहणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. नंतर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून ते राज्यसभेत राधाकृष्णन यांच्यासमोर बसले. १९६३ साली भारतरत्न दोघांना मिळालं : एक काणे, दुसरे झाकीर हुसेन, जे त्या वेळी उपराष्ट्रपती होते. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिणाऱ्या काण्यांना 'उप' या उपसर्गाचा खरा अर्थ विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं, की संस्कृतात त्याचा पहिला अर्थ 'जवळ' असा आहे. उपनयन म्हणजे गुरूच्या जवळ नेणं. उपवर म्हणजे लग्नाच्या जवळ आलेली. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहणं, साबुदाण्याची खिचडी नंतर आली. 'कमी' हा अर्थ मागाहून चिकटला असावा, उपनगरांसारखा. आमच्या लहानपणी लालबाग-परळचे लोक अंधेरी-बोरिवलीकडे जंगल म्हणून पाहायचे. आता तिथेच सगळे राहायला गेले आणि आम्ही रविवारी जेवायला तिकडे जातो.

'व्हाइस प्रेसिडेंट' या पदाची मुंबईत आता टंचाई नाही. माझा पुतण्या लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत, एका परदेशी बँकेत, व्हाइस प्रेसिडेंट झाला. वय बत्तीस. वहिनीने चाळीत पेढे वाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "म्हणजे राष्ट्रपतींच्या खालोखाल का रे?"

"नाही हो काकू, आमच्या मजल्यावर सत्तावीस व्हीपी आहेत."

"मग प्रेसिडेंट कोण?"

"तो न्यूयॉर्कला असतो. मी पाहिलेला नाही."

काकूंनी पेढा तोंडात टाकला. पुतण्याची इमारत आजोबांच्या गिरणीपासून दोन गेटं अलीकडे आहे. तोही सकाळी गळ्यात कार्ड अडकवून जातो आणि दारात यंत्राला दाखवतो. हिरवा दिवा लागला की आत. वडील १९७८ला कायम झाले. १८ जानेवारी १९८२ला संप झाला, अडीच लाख कामगारांचा, आणि त्यानंतर त्या गेटावर कायम आणि बदली यांत काही फरकच उरला नाही.

या पदाबद्दल कुरकुर करणारा मी पहिला नाही. अमेरिकेचे पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी बायकोला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली होती की माणसाच्या कल्पनेतून निघालेलं सगळ्यात बिनमहत्त्वाचं पद देशाने माझ्या गळ्यात बांधलंय. पुढे ते अध्यक्ष झाले. तिथल्या हॅरी ट्रूमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते, तोच १९४५च्या एप्रिलमध्ये रुझवेल्ट गेले. अणुबॉम्ब किती पुढे गेलाय हे त्यांना खुर्चीत बसल्यावर सांगण्यात आलं. आमच्याकडे निदान महाप्रसादाचा मेनू मला आधी कळतो. ॲडम्सची गोष्ट मी बायकोला सांगितली. ती मोदकांसाठी नारळ खवत होती.

"त्याच्या बायकोने काय उत्तर पाठवलं?" तिने विचारलं.

मला ते ठाऊक नव्हतं.

"तिनेही हेच लिहिलं असेल, की अहो, जागा आहे ना? मग बसा."

आपल्या सहा उपराष्ट्रपतींना पुढे राष्ट्रपतिपद मिळालं. सहावे नारायणन, १९९७ साली. त्यानंतर आजवर एकालाही नाही. पूर्वी गेटाबाहेरची रांग बरेचदा आत जायची, आता तसं राहिलेलं नाही. आणि खुर्ची मुळातच रिकामी ठेवली तरी चालतं, हेही आपण पाहिलंय. लोकसभेला २०१९ ते २०२४ अशी अख्खी पाच वर्षं उपाध्यक्षच नव्हता. उलट आपल्या विधान परिषदेत २०२२च्या जुलैपासून २०२४च्या डिसेंबरपर्यंत सभापतीच नव्हते आणि उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सगळा कारभार पाहिला. दोन्ही सभागृहं चालली. पण लोकसभेतल्या त्या रिकाम्या जागेबद्दल वाचलं तेव्हा मला, का कोण जाणे, गेटावर कोणीच उभं नसलेली सकाळ डोळ्यांपुढे आली.

यंदा आमच्या अध्यक्षांचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन करावंच लागेल असं डॉक्टर म्हणाले आणि तारीख दिली नेमकी गणपतीच्या आदल्या आठवड्यातली. मी कोणाला बोललो नाही, पण पांढरा झब्बा इस्त्रीला टाकला. परवाच्या मीटिंगला अध्यक्ष काठी टेकत आले आणि म्हणाले, डॉक्टरांशी बोललो, दिवाळीनंतर करू.

तेव्हा वर्गणी द्यायची असेल तर रोज संध्याकाळी सातनंतर मंडपात या. पावतीवर सही अध्यक्षांची असेल. पेन माझं.